बजेटमधला लॅपटॉप घेताय? सेलमध्ये 'बाय नाऊ' दाबण्याआधी हे आकडे वाचा

बारावीचा निकाल लागून कॉलेजची ॲडमिशन झाली की अनेक घरांमध्ये पुढचा विषय लॅपटॉपचा निघतो. बजेट ठरलेलं असतं, तीस ते चाळीस हजार. ऑनलाइन सेल सुरू असतो. 'रायझन ५, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी' असं लिहिलेले एकसारखे दहा-वीस लॅपटॉप स्क्रीनवर दिसतात, किमतीत मात्र पाच-सात हजारांचा फरक असतो. मग स्टार रेटिंग बघून किंवा ओळखीतल्या 'कॉम्प्युटरवाल्या' दादाला विचारून त्यातला एक घेतला जातो.

निवड चुकली, तर ते लगेच कळत नाही. वर्ष-दीड वर्षाने लॅपटॉप हँग व्हायला लागतो. रॅम वाढवायला दुकानात नेला की समजतं, यात रॅम वाढवायची सोयच नाही. बहुतेक घरांमध्ये लॅपटॉप चार-पाच वर्षांतून एकदाच घेतला जातो, त्यामुळे ही चूक तेवढी वर्षं सोबत राहते.

कमी बजेटमध्ये चांगला लॅपटॉप मिळतो. फक्त जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहिलेल्या नावापुढे बारीक अक्षरात काय आहे, ते वाचता यायला हवं. तेच समजून घेऊया.

आधी ठरवा, काम काय करायचंय?

ऑनलाइन फॉर्म भरणं, वर्ड-एक्सेल, पीपीटी, ईमेल, व्हिडिओ कॉल, यूट्यूब आणि अभ्यास ही झाली रोजची साधी कामं. यासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. 'गेमिंग', 'एआय पीसी' अशा शब्दांसाठी जास्तीचे पैसे मोजायचीही गरज नाही.

पण एक खात्री आधीच करून घ्या. टॅली शिकायचं असेल, डिजिटल सिग्नेचरचा यूएसबी टोकन वापरायचा असेल किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये काम करायचं असेल, तर विंडोजचाच लॅपटॉप घ्या. इंजिनिअरिंगला किंवा डिझाइनला ॲडमिशन घेतली असेल, तर कोणती सॉफ्टवेअर लागणार ते सीनियर विद्यार्थ्यांना विचारा. ऑटोकॅड किंवा व्हिडिओ एडिटिंग हे 'साध्या कामां'मध्ये येत नाही.

रॅम: ८ जीबी, आणि वाढवता येणारी

विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने सांगितलेली किमान रॅम ४ जीबी आहे. पण तेवढ्या रॅमवर विंडोज फक्त सुरू होतं. ब्राउझरचे आठ-दहा टॅब आणि एक व्हिडिओ कॉल एकत्र चालवला, तर ४ जीबी पुरत नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये रॅमचा काही भाग स्क्रीनवरच्या चित्रासाठीही वापरला जातो. त्यामुळे आज ८ जीबीपेक्षा कमी रॅमचा विंडोज लॅपटॉप घेऊ नका. १६ जीबी बजेटमध्ये बसत असेल, तर उत्तमच.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. ही रॅम पुढे वाढवता येईल का? काही लॅपटॉपमध्ये रॅमची पट्टी स्लॉटमध्ये बसवलेली असते, ती बदलता येते. काहींमध्ये रॅम थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. ती बदलता येत नाही.

ओळखायची सोपी खूण म्हणजे रॅमच्या प्रकाराचं नाव. ते 'एलपीडीडीआर' असेल, म्हणजे सुरुवातीला 'एलपी' असेल, तर रॅम जवळजवळ नक्कीच सोल्डर केलेली आहे. नुसतं 'डीडीआर४' किंवा 'डीडीआर५' असेल, तर स्लॉट असण्याची शक्यता जास्त. खात्रीसाठी कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलचं पान उघडा आणि 'ऑनबोर्ड', 'सोल्डर्ड' किंवा 'सो-डिम स्लॉट' यांपैकी काय लिहिलंय ते बघा.

रॅम महाग झाली, की दुकानातले लॅपटॉपही महाग होतात. एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीस हेच झालं. अशा वेळी ८ जीबी आणि एक रिकामा स्लॉट असलेला लॅपटॉप घेऊन पुढे रॅम टाकणं हा चांगला मार्ग आहे.

स्टोरेज: एसएसडी म्हणजे एसएसडीच

इथे तीन नावं दिसतात. हार्ड डिस्कमध्ये फिरणारी तबकडी असते. ती सगळ्यात हळू चालते आणि धक्क्याने खराब होऊ शकते. ईएमएमसी ही मोबाइलच्या मेमरीसारखी चिप असते. ती स्वस्त असते, पण चांगल्या एसएसडीपेक्षा बरीच हळू, शिवाय बोर्डवर सोल्डर केलेली. एसएसडी सगळ्यात वेगवान.

खूप स्वस्त लॅपटॉपवर '६४ जीबी स्टोरेज' लिहिलेलं असतं, ते बहुतेक वेळा ईएमएमसी असतं. विंडोज ११ ची किमान अटच ६४ जीबी आहे. म्हणजे विंडोज आणि त्याचे अपडेट बसवल्यावर तुमच्या फाइलींना जागा उरत नाही आणि पुढचा मोठा अपडेट घेतानाही अडचण येते.

साध्या कामांसाठी २५६ जीबी एसएसडी चालते, ५१२ जीबी असेल तर चार-पाच वर्षं चिंता नाही. नव्या लॅपटॉपमध्ये ५१२ ऐवजी ४७६ जीबी दिसली, तर घाबरू नका. कंपनी हजारच्या हिशोबाने मोजते आणि विंडोज १०२४ च्या, म्हणून आकडा कमी दिसतो.

प्रोसेसर: 'आय३', 'रायझन ५' च्या पुढचे आकडे बघा

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. 'रायझन ५' हे घराण्याचं नाव आहे. चिप कोणती, ते त्यापुढच्या आकड्यांवरून कळतं.

उदाहरण घेऊ. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू. फरक फक्त एका आकड्याचा. पण पहिल्यात ४ कोअर आहेत आणि रचना 'झेन २' ही जुनी. दुसऱ्यात ६ कोअर आणि रचना 'झेन ३'. एएमडीच्या या ७००० मालिकेत तिसरा आकडा रचना किती जुनी आहे ते सांगतो. शिवाय ७५२०यू सोबत एलपीडीडीआर५ रॅमच येते, म्हणजे विकत घेताना असेल तेवढीच रॅम कायमची. ७५२०यू साध्या कामांना चालतो, पण ७५३०यू च्या किमतीत तो घेऊ नका.

इंटेलमध्येही तेच. कोअर आय३-१२१५यू मध्ये पहिले दोन आकडे, म्हणजे १२, ही पिढी. ही चिप २०२२ ची आहे आणि तिच्यात ६ कोअर आहेत. साध्या कामांसाठी ही भरपूर झाली. इंटेल एन१०० ही ४ कोअरची कमी वीज खाणारी चिप आहे. ब्राउझर, वर्ड आणि व्हिडिओ यासाठी ती पुरते, पण एका वेळी बरीच कामं टाकली की दमते.

'सेलेरॉन' किंवा 'पेंटियम' नाव दिसलं तर सावध व्हा. इंटेलने २०२३ पासून लॅपटॉपच्या नव्या चिपना ही नावं देणं बंद केलं आहे. म्हणजे ती चिप त्याआधीची आहे. २ कोअरच्या सेलेरॉन एन४०२० वर आज विंडोज ११ वापरणं म्हणजे रोज वाट बघणं.

स्क्रीन, बॅटरी आणि बाकीच्या गोष्टी

रोज चार तास जिच्याकडे बघायचं, ती स्क्रीन खरेदीच्या वेळी सगळ्यात शेवटी बघितली जाते. 'एचडी' म्हणजे १३६६ × ७६८, साधारण साडेदहा लाख पिक्सेल. 'फुल एचडी' म्हणजे १९२० × १०८०, जवळपास दुप्पट. १५.६ इंचाच्या स्क्रीनवर एचडीमध्ये अक्षरं फाटल्यासारखी दिसतात, म्हणून फुल एचडीच घ्या. पॅनेल 'टीएन' ऐवजी 'आयपीएस' असेल, तर बाजूने बघतानाही रंग उडत नाहीत.

'१० तास बॅटरी' या दाव्यापेक्षा वॉट-तासांचा आकडा बघा. ब्राउझिंगला ८ ते १० वॉट लागतात असं धरलं, तर ४२ वॉट-तासांची बॅटरी चार ते पाच तास चालेल. वारंवार लाइट जाणाऱ्या गावात हा आकडा महत्त्वाचा आहे. टाइप-सी चार्जिंग असेल, तर चार्जर बिघडला तरी दुसरा सहज मिळतो.

कीबोर्डवर मराठी अक्षरं छापलेली नसली तरी हरकत नाही. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट कीबोर्ड आधीपासून आहे आणि २०१९ पासून मराठी फोनेटिकही आहे. सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडली की टायपिंग सुरू करता येतं.

विंडोज, डॉस की क्रोमबुक?

काही स्वस्त लॅपटॉपवर 'डॉस' लिहिलेलं असतं. म्हणजे त्यात विंडोज नाही. लायसन्सचे पैसे वेगळे लागतील, ते किमतीत मिळवून मगच तुलना करा. 'फुकटात टाकून देतो' म्हणणाऱ्याची क्रॅक विंडोज घेऊ नका. त्याच लॅपटॉपवर तुम्ही नेटबँकिंग करणार आहात. लिनक्स शिकायची तयारी असेल, तर उबुंटू मोफत आहे.

'एस मोड' दिसला तर त्यात फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलीच ॲप चालतात. तो मोड मोफत बंद करता येतो, पण परत सुरू करता येत नाही.

क्रोमबुक कमी रॅमवरही बरं चालतं आणि ब्राउझरमध्येच सगळं काम असेल, तर चांगला पर्याय आहे. २०२१ पासून आलेल्या क्रोमबुकना गुगल १० वर्षं अपडेट देतं. पण ही वर्षं त्यातला हार्डवेअर प्लॅटफॉर्म बाजारात आला तेव्हापासून मोजली जातात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. शेवटच्या अपडेटची तारीख आधी तपासा.

ऑफिस वेगळं विकत घ्यावं लागेल का, तेही विचारा. काही लॅपटॉपसोबत ते कायमचं मिळतं, काहींमध्ये फक्त चाचणीपुरतं. लिबरऑफिस पूर्ण मोफत आहे.

सेकंड हँड 'आय७' घ्यावा का?

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तापकीर गल्ली, 'वीस हजारांत आय७' ऐकलं की मोह होतो. पण पिढी विचारा. आय७-६६००यू ही सहाव्या पिढीची २ कोअरची चिप आहे, २०१५ ची. वर सांगितलेला बाराव्या पिढीचा आय३ तिच्यापेक्षा कितीतरी पुढे आहे.

दुसरी अडचण विंडोजची. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यानंतरची चिप लागते. त्याआधीचा लॅपटॉप दुकानदाराने विंडोज ११ टाकून दिला, तरी मायक्रोसॉफ्ट त्याला अधिकृत सपोर्ट देत नाही.

आठव्या पिढीनंतरचा, ८ जीबी रॅम आणि एसएसडीचा ऑफिस-वापरातला लॅपटॉप मात्र चांगला सौदा ठरू शकतो. घेण्याआधी दुकानदाराला विंडोजचा 'बॅटरी रिपोर्ट' काढून दाखवायला सांगा. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आता उरलेली क्षमता, दोन्ही दिसतात. निम्म्याच्या आसपास उरली असेल, तर नव्या बॅटरीचे पैसे धरून भाव करा. बिजागऱ्या, सगळे पोर्ट, कॅमेरा आणि कीबोर्डचं प्रत्येक बटण तिथेच तपासा.

थांबा, घरात जुना लॅपटॉप पडून आहे का?

तो 'स्लो झालाय' म्हणून कपाटात ठेवला असेल आणि त्यात हार्ड डिस्क असेल, तर आधी तिच्या जागी एसएसडी बसवून बघा. स्लॉट असेल तर रॅमही वाढवा. आठवी पिढी किंवा नंतरची चिप असेल, तर अनेकदा नवा लॅपटॉप घ्यायची गरजच उरत नाही. चिप त्याहून जुनी असेल, तर लिनक्स टाकून ब्राउझिंग आणि लिखाण करता येतं.

पैसे देताना

* जीएसटीचं पक्कं बिल घ्या. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. 'बिलाशिवाय स्वस्त देतो' म्हणजे वॉरंटीच्या वेळी वाद.
* वॉरंटी 'ऑनसाइट' आहे की 'कॅरी-इन' ते विचारा. कॅरी-इन असेल आणि सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या गावी असेल, तर प्रत्येक बिघाडाला एक दिवस आणि एसटीचं भाडं गेलं.
* 'नो कॉस्ट ईएमआय' घेताना प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी किती, ते बघा. रोख घेतल्यावर मिळणारी सूट सोडावी लागते का, तेही तपासा.
* ऑनलाइन मागवलेला बॉक्स उघडताना सलग व्हिडिओ काढा. सीरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटी कधीपासून सुरू झाली ते बघा.
* तक्रार दुकानदार किंवा कंपनी ऐकत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.

थोडक्यात

८ जीबी रॅम आणि ती वाढवायला स्लॉट. किमान २५६ जीबीची खरी एसएसडी. आय३-१२१५यू किंवा रायझन ५ ७५३०यू च्या तोडीची चिप. फुल एचडी आयपीएस स्क्रीन. जवळ सर्व्हिस सेंटर. पाचही जमत नसतील, तर चिपमध्ये थोडी तडजोड करा, पण एसएसडी आणि ८ जीबी रॅम सोडू नका. हा परिच्छेद स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि दुकानात दाखवा. त्यावर दुकानदार काय बोलतो, त्यावरून त्या दुकानात घ्यायचं की नाही, तेही कळेल.