तंबूत या, रीळ सुरू होतंय

मोबाइल घरीच ठेवा. अंगावर घोंगडी घ्या आणि माझ्यासोबत चला. माणदेशातली जत्रा आहे, १९३०च्या दशकाची अखेर आणि थंडी अशी की कानशिलं सुन्न होतात. बैलगाड्यांच्या रांगेतून वाट काढा. कडब्याचा, शेणाचा आणि कढईतल्या भज्यांचा वास एकदमच नाकात शिरेल. गोडीशेवेची पुडी घेऊन ठेवा, आत लागेल. तो कर्णा ऐकू येतोय ना, घसा फाटेस्तोवर गाणी वाजवणारा? त्याच्या दिशेनं चला. तिथं तंबू आहे.

आणे मोजा, कनात वर करा आणि वाकून आत शिरा. खुर्ची शोधू नका, इथं मातीच बैठक आहे. मध्ये कापड टाकलंय: अलीकडे बाप्ये, पलीकडे बायका. तुमच्या गुडघ्याला कुणाचं तरी गाठोडं टेकलंय, पाठीला कुणाचा तरी गुडघा. बिडीचा धूर डोळ्यांत जातोय, मागं इंजिन धडधडतंय, एक तान्हं रडतंय. आणि पडदा उजळतो.

'संत तुकाराम'. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचं चित्र, दामले-फत्तेलाल यांचं दिग्दर्शन. पडद्यावर तुकोबांच्या रूपात विष्णुपंत पागनीस दिसताच तुमच्या पुढचा म्हातारा पायातली वहाण काढून बाजूला ठेवतो आणि हात जोडतो. तुम्हीही काढा. कुणी सांगणार नाही, पण काढावीशी वाटेल.

आता तुकोबांच्या बायकोकडे, आवलीकडे बघा. गौरीबाईंनी ती अशी उभी केलीय की कनातीपलीकडच्या बायका तिच्याशी बोलायला लागतात. ती म्हशीला गोंजारते, तशी पलीकडून खसखस पिकते. लेकरू तापानं फणफणलं असताना ती थेट विठोबाशी भांडायला जाते, तेव्हा तंबूत चिडीचूप. घरात दाणा नाही आणि नवरा भजनात दंग, हे दुःख इथल्या निम्म्या बायकांना शिकवावं लागत नाही. तुकोबांची थोरवी जितकी खरी, तितकाच आवलीचा संताप खरा, आणि हे चित्र दोघांच्याही बाजूनं उभं राहतं. म्हणूनच ते आजही म्हातारं झालेलं नाही.

फट्! रीळ तुटलं. अंधार, शिट्ट्या, आरडाओरडा. घाबरू नका, गोडीशेव काढा, शेजाऱ्यालाही द्या. तो तुमचं गाव विचारेल. पुन्हा उजेड होतो आणि तुकोबांना छळणाऱ्या सालोमालोला शिव्या घालायला सगळा तंबू सज्ज होतो. शेवटी तुकोबा वैकुंठाला निघतात, आवली मागं राहते. तुमच्या डोळ्यांत आलेलं पाणी बिडीच्या धुरामुळे आलंय असं खुशाल सांगा, कुणी उलटतपासणी करणार नाही.

मुंबईत हेच चित्र एका थिएटरात वर्षाहून जास्त चाललं, १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तुमच्या शेजारच्या म्हाताऱ्याला व्हेनिस ठाऊक नाही. त्याला तुकोबा भेटले, तेवढं पुरे.

उठा, अंगावरची माती झटका. आता शहरात जाऊ. ही गच्च भरलेली अंधारी खोली म्हणजे १९३७ सालचं थिएटर, लागलंय व्ही. शांताराम यांचं 'कुंकू'. उकडतंय, गजऱ्यांचा वास, घामाचा वास, वर कुरकुरणारा पंखा. पडद्यावरच्या नीरेचं फसवून एका म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावलंय आणि ती त्याला नवरा मानायला साफ नकार देते. कान टवकारा: या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घरातले साधेसुधे आवाज तेवढे आहेत, त्यामुळे थिएटरातल्या बांगड्यांची किणकिणसुद्धा ऐकू येते. नीरा झालेली शांता आपटे ताठ मानेनं उभी राहते, आणि बायकांच्या बाजूला बसलेली एखादी सोळा वर्षांची सून पदराचं टोक मुठीत आवळते. केशवराव दात्यांच्या म्हाताऱ्याचा तुम्हाला आधी राग येईल, मग त्याची कीव येईल. एकाच माणसाबद्दल ही दोन्ही टोकं गाठायला लावणं सोपं काम नव्हे.

आणखी एक मुक्काम. वीसेक वर्षं पुढं उडी मारा, पुण्याच्या विजयानंद थिएटरात. फेटेवाल्यांनी दार अडवलंय, खेड्यांतून आलेली माणसं भाकरीची फडकी काखोटीला मारून उभी आहेत. रेटून आत घुसा. अनंत माने यांचं 'सांगत्ये ऐका' लागलंय. इथं ते १३१ आठवडे चालणार आहे. ढोलकीवर थाप पडते, जयश्री गडकर पाऊल टाकते, आशाताईंचा सूर लागतो आणि डोक्यावरून फेटे उडतात! पण हंसा वाडकर पडद्यावर आली की हीच गर्दी गप्प होते. तमाशातल्या बाईच्या पदरी काय येतं, हे तिचे डोळे सांगतात आणि शिट्ट्या आपोआप विरतात.

चला, परत या. कपड्यांना बिडीचा वास येत असेल, येऊ द्या.

ही तीन चित्रं बघाच. 'संत तुकाराम'पासून सुरुवात करा, मग 'कुंकू', मग 'सांगत्ये ऐका'. प्रिंट खरखरेल, आवाज दबलेला असेल. पहिली दहा मिनिटं धीर धरा, डोळे-कान सरावतात. तुकड्यातुकड्यांनी बघू नका, एका बैठकीत बघा. आणि एकटे बघू नका. ही चित्रं गर्दीसाठी काढली होती. आजीला बोलवा, पोरांना बसवा, शेजाऱ्यांना हाक मारा, दिवे मालवा. खाण्यापिण्याचं मात्र आधीच बघून ठेवा, कारण आवली बोलायला लागली की मधेच कुणी उठणार नाही.