वाफेच्या भांड्याची कुळकथा

तुमसर, साकोली किंवा पवनीच्या सरकारी दवाखान्यात सिझर असो की हर्नियाचे ऑपरेशन, सर्जन हात धुवायला जाण्याआधीच ऑटोक्लेव्हचे, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचे, काम आटोपलेले असते. गाऊन, गॉज, चिमटे, कात्र्या त्यातून निघाल्याशिवाय टेबलावर येत नाहीत. जखम पिकू न देणाऱ्या ह्या यंत्राचे मूळ मात्र स्वयंपाकघरात आहे.

देनी पापँ ह्या फ्रेंच संशोधकाने १६७९ मध्ये लंडनला झाकण घट्ट आवळलेले एक भांडे तयार केले. दाबाखालच्या वाफेत हाडेसुद्धा मऊ शिजत. भांडे फुटू नये म्हणून पुढे त्याने वाफ सोडणारी झडपही बसवली. आपला प्रेशर कुकर ह्याच घराण्यातला.

ऑपरेशनच्या खोलीपर्यंत पोचायला ह्या भांड्याला दोनशे वर्षे लागली. जखम का पिकते, हेच नेमके ठाऊक नव्हते. उपाय मात्र जुने होते: सुश्रुतसंहितेत पट्टी बांधल्यावर गुग्गुळ, वेखंड, मोहरी, कडुनिंबाची धुरी द्यायला सांगितली आहे. शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये कार्बोलिक आम्लाचा उपाय प्रसिद्ध केला; जखमा पिकणे कमी झाले, पण आम्लाने कातडी पोळे. १८७६ मध्ये जिवाणूशास्त्रज्ञ फर्डिनांड कोन यांनी दाखवले, की काही जिवाणूंचे बीजाणू उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. मग सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलाँ यांनी १८७९ मध्ये पापँच्या भांड्याचा धागा पकडून ऑटोक्लेव्ह घडवला. दाब १५ पौंडांनी वाढला की वाफ १२१ अंशांवर जाते आणि धनुर्वाताचे बीजाणूही मरतात. पुढे बर्लिनमध्ये शल्यविशारद बर्गमान आणि शिमेलबुश यांनी जखमेवरचे कपडे वाफेने निर्जंतुक करण्याची पद्धत रूढ केली.

हे कपडे ठेवायचा त्यांचा ड्रम आजही ओळखीचा आहे. त्याच्या कडेची भोके उघडी ठेवून तो ऑटोक्लेव्हमध्ये जातो आणि बाहेर काढताच पट्टी सरकवून ती बंद केली जातात. भोके उघडी राहिली, तर सगळी मेहनत वाया. हत्यारांवर रक्त वाळलेले असेल, तर वाफ धातूपर्यंत पोचत नाही. म्हणून आधी ब्रशने घासणे आलेच. आत हवा अडकली, तर काटा पुरेसा दाब दाखवतो, पण उष्णता कमी पडते. ड्रम ठासून भरला, तरी मधल्या कपड्यांपर्यंत वाफ जात नाही. गठ्ठा ओला निघाला, तर त्या ओलीतून जंतू पुन्हा शिरतात.

ही सारी राखण करणारे हात ऑपरेशन थिएटरमधल्या परिचराचे आणि सिस्टरचे असतात. तुमसर-साकोलीच्या ह्या धानाच्या जिल्ह्यात रोवणीच्या तोंडावर घरातल्या बाईची जखम पिकली, तर मजुरी बुडते आणि औषधांचा खर्च अंगावर पडतो. म्हणून ऑटोक्लेव्हची दुरुस्ती वेळेवर व्हावी आणि तो चालवणाऱ्याला नीट प्रशिक्षण मिळावे. ऑपरेशनची तयारी तिथूनच सुरू होते.