व्हिम
व्हिम : संगणकावर कोड लिहिण्याचा व सुधारण्याचा संपादक. बिल जॉय यांच्या १९७६ मधील ‘व्हीआय’ या संपादकाच्या धर्तीवर ब्राम मोलेनार यांनी तो घडवला आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. यात लिहिण्याची आणि दुरुस्तीची अवस्था वेगळी असते. दुरुस्तीत कळ दाबली की अक्षर उमटत नाही, आज्ञा पाळली जाते. ‘डी’ म्हणजे पुसणे, ‘डब्ल्यू’ म्हणजे शब्द; दोन्ही लागोपाठ दाबल्या की कर्सरपासूनचा शब्द जातो. नवख्याला हे जाचक वाटते, बाहेर कसे पडायचे तेही उमगत नाही, हा आक्षेप खराच. पण वेबसाइट घडवणाऱ्याचा बराच वेळ आधी लिहिलेले वाचण्यात आणि बदलण्यात जातो, आणि तिथे ही क्रियापद-कर्माची जोडणी माउसपेक्षा निश्चितच सरस आहे. म्हणूनच व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा दुसरा संपादक वापरणारे अनेकजणही त्यात व्हिमच्या कळा आणणारे एक्स्टेन्शन आवर्जून बसवतात.