पतंगशहाच्या मुलखावरून

नोव्हेंबरातली पहाट. जुहूच्या धावपट्टीशेजारी उभे आहात. आधी खाऱ्या चिखलाचा वास येतो, मग पेट्रोलचा. चाळीस तास उडून मिळवलेला खासगी वैमानिकाचा परवाना खिशात आहे आणि समोर चार सीटचं सेस्ना १७२, पंखांवर दव साचलेलं. या शहराच्या आकाशात मनाला येईल तसं भटकता येत नाही. फ्लाइट प्लॅन कालच दिलाय, हवाई संरक्षण परवानगीचा क्रमांक मांडीवरच्या पाटीवर लिहून घेतलाय. टॉवरमधल्या बाई आजचा दाब सांगतात: १०१२. ऑल्टिमीटरची छोटी घुंडी फिरवून त्याच्या इवल्याशा खिडकीत तुम्ही तो आकडा आणता. या घुंडीकडे लक्ष असू द्या. आजचं सगळं काम तीच करणार आहे.

जायचंय जव्हारला. ते इथून सरळ रेषेत चोपन्न नॉटिकल मैल, म्हणजे शंभर किलोमीटर. दिशा उत्तरेच्या पंचवीस अंश पूर्वेला. गाडीने गेलात तर हायवे, मनोर, विक्रमगड, वळणं, ट्रक, आणि निम्मा दिवस संपलेला. सेस्नाला अर्धा तास पुरतो. तिथे उतरायचं मात्र नाही, कारण उतरायला धावपट्टीच नाही. जायचं, बघायचं आणि परत यायचं. पुष्कळ वैमानिक अशा उड्डाणाला वाया गेलेलं पेट्रोल म्हणतात. त्यांच्याशी वाद घालू नका.

साडेतीन हजार फुटांवर विमान सरळ होतं. डावीकडे वसईचा किल्ला खाडीच्या तोंडाशी बसलेला, पुढे तुंगारेश्वराचं रान, मग नाकाखाली कोहोजचा सुळका. उजवीकडे मात्र बघवत नाही. सूर्य वर आलाय आणि त्याच्याखाली पाणीच पाणी चकाकतंय: जवळ तानसा, पलीकडे मोडक सागर, त्याच्याही मागे डोंगरांत अडकलेली मध्य वैतरणा, आणि घाटमाथ्यावर धुक्याची पट्टी वाटावी अशी अप्पर वैतरणा. मुंबईची तहान भागवणारी ही तळी जमिनीवरून एका नजरेत कधीच मावत नाहीत. वरून ती एका माळेतली दिसतात.

आता घुंडी फिरवा. उलटी.

खिडकीत १०१२ च्या जागी २०१४ येतं. आणखी थोडी फिरवलीत की मध्य वैतरणेचं पाणी ओसरायला लागतं. शंभर मीटरहून उंच भिंत वितळल्यासारखी खाली जाते आणि तळातून झाडं, वाटा, बांध वर येतात. खरं म्हणजे वर येत नाहीत, होते तिथेच असतात. पाणी तेवढं बाजूला होतं. सत्तरचं दशक मागे टाकलंत की घाटमाथ्यावरची अप्पर वैतरणा आटते. १९५७ च्या मागे गेलात की मोडक सागर नाहीसा होतो. महापालिकेचे अभियंता मोडक, ज्यांचं नाव त्या तळ्याला मिळालं, ते अजून कागदावर आकडेमोड करत असणार. वैतरणा पुन्हा नुसती नदी होते, वाळूत सरपटणारी, हिवाळ्यात अंग चोरून घेतलेली. राहतं एकटं तानसा. ते १८९२ चं, त्याला तुमची घुंडी इतक्यात हात लावत नाही.

कॅलेंडर म्हणून मला या तळ्यांइतकं खरं काहीच सापडलेलं नाही. यातलं दर पान मुंबई वाढली तेव्हा उलटलं गेलं आणि दर पानाखाली कुणाचं तरी शेत राहिलं.

खिडकीत १९४३ आलं की थांबा. थांबायलाच लागेल, कारण डोक्यावरचं छप्पर गेलंय. दारं गेली, काचा गेल्या, रेडिओ गेला. वारा थेट कानांत. तुम्ही मागच्या खोबणीत बसलेले आहात आणि पुढची रिकामी आहे. टायगर मॉथ एकट्याने उडवायचं तर मागे बसूनच उडवतात. वर एक पंख, खाली एक पंख, मधे तारा गुंफलेल्या. कापड लाकडावर ताणून रंगवलेलं. गुरूने शिष्याशी बोलायची ती रबरी नळी पुढच्या सीटकडे लोंबते, पण बोलणारं कुणी नाही. ब्रेक नाहीत. वेग साठ-सत्तर नॉटच्या आसपास, म्हणजे पुढच्या वळणापर्यंत विचार करायला भरपूर वेळ. नकाशा मांडीखाली दाबून ठेवा. उडाला तर गेलाच.

याच जातीच्या विमानांवर त्या युद्धाच्या दिवसांत बेगमपेठेला आणि जोधपूरला आपली पोरं उडायला शिकत होती. विमानाचं नाव मॉथ ठेवणारे जेफ्री डी हॅविलंड हे फुलपाखरांच्या आणि पतंगांच्या नादाचे गृहस्थ, म्हणून त्यांच्या कारखान्यातून जिप्सी, पस, टायगर अशी पतंगांची रांगच निघाली. मॉथला आपल्याकडे पतंगच म्हणतात, दिव्यावर झेप घेणारा तो. आणि तुमच्या पंखाखाली आता जे पठार येतंय त्याच्या राजांचा किताब काय? पतंगशहा. जव्हारच्या मुकणे घराण्यात हे नाव पिढ्यान्‌पिढ्या फिरत आलेलं आहे. गावातल्या सरकारी रुग्णालयाच्या पाटीवर ते आजही आहे. आणि १९४३ साली गादीवर असलेले यशवंतराव मुकणे, शेवटचे राजे, दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात गेले. त्यांच्या नावामागे महाराज लागतं तसंच फ्लाइट लेफ्टनंटही लागतं. संस्कृतात पतंग म्हणजे सूर्य आणि पक्षीसुद्धा. किताब ठेवणाऱ्या पूर्वजाच्या मनात यातलं काय होतं ते त्यालाच ठाऊक. विमान नक्कीच नव्हतं. तरी योगायोगाला इतकं नेमकं वागायची काय गरज होती, असं मला दर वेळी वाटतं.

जव्हार दीड हजार फुटांच्या आसपास. म्हणून तुमच्या चाकांखाली दोन हजार फूट हवा उरलेली आहे आणि ती आता हलायला लागली आहे. पठाराच्या कडेवर ऊन पडलं की ती वर उसळते. मॉथ पाळण्यासारखं झुलतं. स्टिक घट्ट धरू नका, दोन बोटांत राहू द्या. झाडीतून जयविलास राजवाड्याचे घुमट डोकावतात, त्यांच्या भोवती थोडी कौलं, एक बाजारपेठ, आणि मग सगळीकडे पाडे. कुडाच्या भिंतींची घरं वरून ओळखू येत नाहीत. धूर दिसतो म्हणून घर आहे हे कळतं.

वैमानिकाला शिकवतात की इंजिन बंद पडलं तर कुठे उतरायचं हे सतत शोधत राहा. इथे शोधून बघा. सपाट म्हणून जे दिसतं ते भाताचं खाचर, चारी बाजूंनी बांध, आणि चाकं अडकून विमान तोंडावर पालथं व्हायला एक बांध पुरतो. वरकस उतारावर नागली आणि वरई उभी. मोकळं म्हणून काही असेल तर खळं. एका खळ्यावर उडवी रचलेली आहेत आणि माणसं भात झोडताहेत. आवाज ऐकून ती थांबतात, मान वर करतात. इतक्या उंचीवरून माणूस म्हणजे काय तर दोन त्रिकोण, टोकाला टोक लागलेले, आणि काड्यांसारखे हातपाय.

हे चित्र तुम्ही आधी पाहिलंय. वारल्यांच्या भिंतीवर. तारपा नाच काढताना वारली बाई तो समोरून काढत नाही. मधे तारपेवाला आणि भोवती उलगडत जाणारा माणसांचा वेटोळा, म्हणजे तो वरून दिसेल तसा. शेतं वरून, नाच वरून, आणि झाडं-माणसं मात्र बाजूने. जिव्या सोमा मशे यांची चित्रं जगभर गेली तेव्हा कुणी त्यात अमुक पाहिलं, कुणी तमुक. मला ती नेहमी खालच्या पंखावरून वाकून पाहिल्यासारखी वाटतात. ज्यांच्या मुलखात आजही धावपट्टी नाही त्यांना हा कोन कुठून सुचला, याचं उत्तर देणारे ठोकताळे पुष्कळ आहेत. मी त्यातला एकही इथे मांडणार नाही.

डावीकडे वळा. वीसेक किलोमीटरवर दाभोसा. लेंडी नदी पठाराच्या कडेपाशी येते आणि तिला पुढे जमीनच सापडत नाही. तीनशे फूट ती नुसती पडते. पावसाळ्यात इथे उडणं म्हणजे आत्मघात, ढग दरीतच बसलेले असतात. मे महिन्यात पाण्याची नुसती रेघ. नोव्हेंबर हाच काळ: पाणी अजून भरपूर, हवा धुतलेली. धबधब्याच्या वरून जाऊ नका, बाजूने जा आणि पंख थोडा खाली करा. आवाज इंजिनाखाली बुडालेला, म्हणून पाणी मुक्याने पडतं. तुषारांत इंद्रधनुष्य दिसतं, आणि वरून पाहणाऱ्याला ते कमान म्हणून नाही, जवळजवळ पूर्ण वर्तुळ म्हणून दिसतं.

घुंडीला एक धक्का. १५ ऑक्टोबर १९३२, दुपारी एकच्या सुमारास. सूर्य एकदम डोक्यावर येतो. तुमच्या पश्चिमेला कुठेतरी एक पस मॉथ दक्षिणेकडे चाललंय. सकाळी कराचीहून निघालं, अहमदाबादला पेट्रोल घेतलं, आता जुहू गाठणार. आत पंचवीस किलो टपाल आणि जे. आर. डी. टाटा. जुहूची जमीन पावसाळ्यात अशी चिखल होते की टपालाचं विमान त्या महिन्यांत पुण्याला हलवावं लागणार आहे, पण आज ती कोरडी आहे. एवढ्या अंतरावरून तुम्हाला विमान दिसणार नाही. तरी बघा. जव्हारला या घटकेला पतंगशहांच्या गादीवर पंधराच्या आतबाहेरचा एक मुलगा आहे, वडील गेल्यामुळे दहाव्या वर्षी राजा झालेला.

पूर्वेकडे चला. मोखाडा सहा मिनिटांवर, त्यापुढे त्र्यंबकची भिंत. उंची वाढवा, लवकर वाढवा, कारण हिवाळ्यातला वारा पूर्वेकडून घाट उतरून येतो आणि भिंतीच्या या बाजूला हवा खाली ओढते. एकशे तीस घोड्यांचं इंजिन पूर्ण उघडलंत तरी काटा जागचा हलत नाही. घाबरू नका, भिंतीला समांतर फिरत राहा आणि उंची सावकाश मिळवा. उंची मिळाली की हरिहर किल्ल्याच्या पायऱ्या नजरेच्या रेषेत येतात, कातळात खोदलेली ती उभी शिडी. पायी चढताना दोन्ही हातांनी खोबण्या धराव्या लागतात. इथून ती कुणी नखाने ओरखडल्यासारखी दिसते. मागे ब्रह्मगिरी, त्याच्याही मागे देश सुरू.

इथून परत जव्हारकडे तोंड करून घुंडी जोरात फिरवा. १८९२ मागे पडताना तानसाही जातं. आता खाली एकही तळं नाही. १६६३ ची अखेर. त्र्यंबकच्या बाजूने घोडदळ उतरतंय, मोखाड्याच्या रानातून जव्हारकडे, तिथून सुरतेकडे. वरून घोडे दिसत नाहीत, झाडीवर तरंगणारी धूळ दिसते. परंपरा सांगते की जव्हारच्या विक्रमशहाने माळावर शिवाजी महाराजांची भेट घेऊन मानाचा शिरपेच चढवला, म्हणून तो शिरपामाळ. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरत लुटली गेली. १६७२ मध्ये महाराजांच्याच मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हारच घेतलं, हे मला त्या माळावर मात्र कुणी सांगितलं नाही.

आणखी मागे, १३४३ च्याही पलीकडे. दिल्लीच्या तुघलकाने मुकण्यांच्या राज्याला मान्यता दिली त्या सालाच्या आधीचं रान. आख्यायिका अशी की जयबा मुकण्याने बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, आणि मिळाल्यावर कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांनी सगळं पठार वेढलं. हीच गोष्ट भूमध्य समुद्राकाठी कार्थेजच्या राणीची म्हणूनही सांगतात. कुणी कुणाची उचलली हे सोडा. आता खाली पाहा: पठाराची कड, तिच्या बाजूने वळत जाणारी नद्यांची खोल घळं, आत शिरलेले दात, बाहेर आलेले कान. पसरून वाळत घातलेल्या कातड्याचाच आकार आहे हा. गोष्ट रचणारा कुठल्या तरी कड्यावर उभा राहिला असणार, एवढं नक्की.

पेट्रोल सांगतं, पुरे. घुंडी सुलटी फिरवत दक्षिणेला निघा. तानसा भरतं. कापडी पंख पत्र्याचे होतात, काच समोर येते, कानात टॉवर बोलायला लागतो. मोडक सागर भरतो, अप्पर वैतरणा भरते, शेवटी मध्य वैतरणा. घुंडी एखादा आटा जास्त फिरली तर चुकून एप्रिल लागतो, आणि तोही बघून घ्या. तळ्यात पाणी आहेच, काठाला तांबडी पट्टी पडलेली. तिच्यापलीकडे मोखाड्याच्या एका पाड्याबाहेर टँकरची वाट बघत ओळीने ठेवलेले हंडे आहेत. साडेचार हजार फुटांवरून हंडे दिसत नाहीत. ओळ दिसते.

घुंडी एक आटा मागे घेऊन सकाळ परत आणा. जुहू. चाकं टेकतात, एकदा उसळतात, मग बसतात. इंजिन बंद केल्यावर कान बराच वेळ वाजत राहतात. हँगरच्या कोपऱ्यात नळ आहे. तोटी सोडून ओंजळ धरता. पाणी वैतरणेचं असेल नाहीतर भातसाचं, भांडुपला ते एकत्र होतं. गार आहे. दोनदा तोंडावर मारता, मानेवरून फिरवता, आणि तोटी बंद करायला हात पुढे जातो तेव्हा लॉगबुकात काय लिहायचं हे अजून ठरलेलं नसतं. शेवटी लिहिता: जुहू ते जुहू, एक तास पन्नास मिनिटं.