घसाऱ्यानंतरचा एक रुपया

आमच्या दारात एक जीप उभी असते. 'उभी असते' हे मी विचारपूर्वक म्हणतो, कारण चालण्याच्या बाबतीत तिची स्वतंत्र मतं आहेत. जन्म 1966 चा. म्हणजे ती माझ्याहून वयानं मोठी, आणि आमच्याकडे थोरल्यांना लवकर उठवायची पद्धत नाही.

मी कॉमर्सचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. त्यामुळे प्रत्येक वस्तूकडे पाहताना मला आधी घसारा दिसतो. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ही जीप 1985 साली सरकारी लिलावात 10,000 रुपयांना घेतली. घटत्या शिल्लकेवर दरसाल 15 टक्के घसारा धरला, तर चाळीस वर्षांनी तिची वहीतली किंमत 15 रुपये 2 पैसे भरते. या पद्धतीची गंमत अशी, की किंमत सारखी घटते पण शून्य कधीच होत नाही. हा हिशेब मी सौभाग्यवतींना कौतुकानं दाखवला. ती म्हणाली, "वरचे दोन पैसे तुम्ही ठेवा आणि भंगारवाल्याला बोलवा."

तिचं चुकतं असंही नाही. नोंदणीची मुदत दर पाच वर्षांनी संपते आणि ती यंदा पुन्हा संपत होती. नूतनीकरण करायचं म्हणजे गाडी तपासणीला न्यायची. न्यायची म्हणजे आधी चालू करायची. शिवाय अंगणातल्या फरशीवर ऑइलचा जो डाग आहे, त्यात आमच्या चिरंजिवांना रोज नवा देश दिसतो. परवा ऑस्ट्रेलिया झाला होता. याचा दोष कारखान्याला देता येत नाही. ते सील मीच बसवलंय, आणि उलटं बसवलंय.

घरच्या घरी जीप सांभाळणं म्हणजे मुख्यतः ग्रीस. पाट्यांच्या शॅकलना ग्रीस, शाफ्टच्या क्रॉसना ग्रीस, स्टीअरिंगच्या सांध्यांना ग्रीस. ग्रीसगन घेऊन मी खाली शिरतो तेव्हा शेजारच्या काकू "आज रविवार वाटतं" असं म्हणतात.

खाली पडल्या पडल्या माणूस इतिहासाचा विचार करू लागतो. दुसरं करण्यासारखं काही नसतंच. 1940 च्या जुलैत अमेरिकन लष्करानं 135 कारखान्यांना कळवलं, की चार चाकांना जोर असलेली एक हलकी गाडी हवी. नमुना 49 दिवसांत. आमच्या शाखेत नवा पंखा मागवायचा तर 49 दिवस नुसता अर्ज खालून वर जायला लागतात. ही अट कबूल केली ती पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम या छोट्या, जवळजवळ बुडीत कारखान्यानं. कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या इंजिनीअरनं दोनेक दिवसांत आराखडा काढला, आणि 23 सप्टेंबरला, मुदत संपायला अर्धा तास उरलेला असताना, गाडी मेरीलँडमधल्या होलाबर्ड छावणीच्या फाटकातून आत शिरली. तीही स्वतःच्या चाकांवर!

पुढचं ऐकून कुठल्याही कारकुनाचा गळा दाटून यावा. गाडी पसंत पडली, पण एवढ्याशा कारखान्याला एवढं मोठं काम झेपणार कसं? म्हणून लष्करानं आराखडे विलीज आणि फोर्ड यांच्याही हाती दिले. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर जीपा तयार झाल्या. त्यांतल्या बँटमच्या तीन हजारसुद्धा नव्हत्या. मूळ कल्पक जीपच्या मागे जोडायचे ट्रेलर बनवत बसला. जीप आम्हीच निर्माण केली अशा जाहिराती विलीजनं केल्या, आणि 1948 साली अमेरिकेच्या व्यापार आयोगानं निकाल दिला की हे श्रेय त्यांचं नव्हे. त्यानंतर दोन वर्षांनी, 1950 मध्ये, 'जीप' हे नाव नोंदलं गेलं ते मात्र विलीजच्याच नावावर. मसुदा एकानं करायचा आणि सही दुसऱ्यानं ठोकायची, ही पद्धत फक्त बँकेत नाही, एवढंच आपलं समाधान.

आपल्याकडे जीप आली ती मुंबईत माझगावला जोडली जाऊ लागली. जोडणारी कंपनी 1945 साली निघाली तेव्हा तिचं नाव होतं महिंद्र अँड महंमद. फाळणीनंतर भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 साली कंपनीची महिंद्र अँड महिंद्र झाली. देश दुभंगला, भागीदारी मोडली, पण दोन्ही 'एम' जागच्या जागी राहिले. हिशेबनीस माणसाला यातलं समाधान कळेल.

आमच्या जीपचं नाक जरा वर आहे. चिरंजीव तिला गर्विष्ठ म्हणतात. वास्तविक तो गर्व नव्हे, अडचण आहे. 1953 च्या सुमारास विलीजनं नव्या इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले. धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्येच राहिले. इंजिन उंच झालं आणि ते मावेना, म्हणून बॉनेट वर उचललं. तेच नाक आपल्याकडे पुढे कित्येक वर्षं गावोगाव फिरलं. 1 मे 1962 ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्यावर खेड्यात 'सरकार आलं' म्हणजे धुरळा उडवत बीडीओसाहेबांची जीप आली, एवढाच अर्थ असे.

तर भंगारवाला आला. जीपभोवती एक फेरी मारून त्यानं किलोचा भाव सांगितला. दुसऱ्या दिवशी येतो म्हणाला. निदान गंज काढून ठेवू, म्हणजे वजनात काटछाट नको, म्हणून मी पॉलिशपेपर घेऊन दार घासायला बसलो. हिरव्याखाली निळा निघाला, निळ्याखाली राखाडी, आणि राखाडीवर पुसट पांढरी अक्षरं: '…यत समिती, पाट…'.

"अण्णा, हे बघितलंत का?"

अण्णांचं वय आता ऐंशीच्या पुढे. ते काठी टेकत आले. "बघायचं काय त्यात? माझ्यासमोरच रंगवलं होतं ते," म्हणाले.

अण्णा पाटणला पंचायत समितीत ड्रायव्हर होते हे मला ठाऊक होतं. लिलावात त्यांनी स्वतःचीच जीप फंडाचे पैसे काढून घेतली हे मात्र त्यांनी चाळीस वर्षांत कधी बोलून दाखवलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. त्या दुपारी ते पायरीवर बसले आणि तुकड्या-तुकड्यानं सांगत गेले. 11 डिसेंबर 1967 ची पहाट. कोयनेचा भूकंप. रस्त्यावर दगड आलेले. नोकरीला लागून वर्षही झालेलं नव्हतं. "बुटका दांडा टाकला, पुढची चाकं जोडली, आणि कोयनानगरहून जखमी माणसं कऱ्हाडला आणली. किती फेऱ्या, ते मोजलं नाही. एक म्हातारी वाटभर माझा खांदा धरून होती. ती पोचली. एक मूल नाही पोचलं."

मग 1972 चा दुष्काळ, खडी फोडायची कामं, हजेरीपटांच्या पेट्या. तेही सांगितलं. पण त्यांचा हात दारावरच्या त्या अक्षरांवर होता.

सौभाग्यवती चहा घेऊन बाहेर आली होती. सगळं ऐकून घेऊन ती मला म्हणाली, "ते सील आधी सरळ बसवा. आणि तेवढ्या भागावर रंग मारू नका."

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला, त्याला तिनंच परत पाठवला.

तपासणीला आम्ही तिघं गेलो. गाडी पास झाली. थोडा खोकला झाला, पण पास झाली.

आमच्याकडे जुन्या मालमत्तेचा सगळा घसारा काढून झाला, तरी वहीत ती एक रुपयाला ठेवतात. वस्तू अजून आहे, हे विसरू नये म्हणून. इतकी वर्षं मी तो रुपया यंत्रासारखा लिहीत आलो. तो कशाचा असतो, ते आता कळलं.

बाकी सील सरळ बसवलंय. डाग मात्र पडतोच आहे. सध्या श्रीलंका आहे.