ओक वृक्षातील अल्प फलधारणा

ओक (प्रजाती क्वर्कस) वृक्षाला फळे कमी येणे हे नेहमीच रोगाचे लक्षण नसते. पुष्कळदा त्याचे मूळ परागणात असते. कॅलिफोर्नियातील व्हॅली ओक हे त्याचे बोलके उदाहरण. तिथल्या हेस्टिंग्ज संशोधन केंद्रात १९८० पासून दर शरद ऋतूत दोन निरीक्षक प्रत्येक झाडावरची दिसतील तितकी फळे पंधरा-पंधरा सेकंद मोजतात. या नोंदींनुसार एप्रिल उबदार असेल, तर पीक भरघोस येते. उबेमुळे झाडे एकाच सुमारास फुलतात आणि लोंबत्या नतकणिशांतील (नर फुलोऱ्यांतील) पराग वाऱ्याने शेजारच्या स्त्रीपुष्पांपर्यंत पोहोचतो. स्वतःच्या परागाने फलधारणा सहसा होत नाही. म्हणून एकाकी झाड निरोगी असूनही रिकामे राहू शकते.

यावर आक्षेप असा, की कमी-जास्त पीक हा ओकचा स्वभावच आहे, मग उपाय कशाला? आक्षेप एका वर्षापुरता खरा आहे. मात्र आसपासची झाडे लगडलेली असताना एखादे झाड वर्षानुवर्षे मागे पडत असेल, तर कारण शोधलेच पाहिजे. खत हा सर्वांवरचा उतारा नव्हे. परागाची उणीव खताने भरून निघत नाही. व्हॅली ओकसारख्या झाडाला उन्हाळ्यात बुंध्याशी वारंवार पाणी दिल्यास मुळे कुजण्याचा धोका असतो. मुळांवरची माती तुडवू न देणे, गळलेला पाला तिथेच राहू देणे, सावली करणारी दाटी विरळ करणे आणि जवळपास त्याच जातीची रोपे लावणे हेच खरे साहाय्य होय.