हुकूम एक, यंत्रे अनेक

देगलूरच्या बाजारात घटकाभर एखाद्या दुकानासमोर उभे राहावे. गिऱ्हाईक नांदेडकडचे असले तर दुकानदार मराठी बोलतो, निजामाबादकडून आले तर तेलुगू, बिदरकडून आले तर कानडी. उर्दू तर घरोघर समजते. 1956 पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात होता आणि तीन भाषांची सीमा आजही जवळच आहे. इथे धंदा करायचा तर एका भाषेवर भागत नाही. ज्याची जी बोली, त्याच्याशी ती बोलावी लागते.

आता याच गावातल्या एखाद्या घरात चला. बैठकीत दूरदर्शन संच आहे. त्याचा रिमोट वेगळा, सेट-टॉप बॉक्सचा वेगळा, आवाजाच्या पेटीचा तिसरा. आजीला संध्याकाळी कीर्तन ऐकायचे असते. ती एक बटण दाबते, चित्र येते तर आवाज नाही. दुसरे दाबते, तर पडदा निळा होतो. शेवटी ती हाक मारते, “अरे लेकरा, जरा लावून दे रे!” घरात यंत्रे वाढली, पण म्हातारीचे परावलंबनही वाढले. असे का झाले आणि त्यावर माणसाने काय उपाय काढले, त्याची ही हकीकत आहे.

दुरून यंत्राला हुकूम द्यायची कल्पना दूरदर्शनपेक्षा जुनी आहे. 1898 साली न्यूयॉर्क शहरात निकोला टेस्ला या शास्त्रज्ञाने पाण्याच्या हौदात एक छोटी नाव सोडली. नावेला दोरी नव्हती, तार नव्हती. टेस्ला काठावर उभा राहून बिनतारी लहरींनी ती वळवीत होता. लोक तोंडात बोट घालून पाहत राहिले.

घरात ही सोय यायला अर्धे शतक लागले. अमेरिकेत झेनिथ कंपनीने 1950 साली जो रिमोट काढला, त्याला लांब वायर होती आणि माणसे तिच्यात पाय अडकून पडत. 1955 साली त्याच कंपनीच्या यूजीन पॉली यांनी प्रकाशाचा झोत सोडणारा रिमोट केला. पडद्याच्या चार कोपऱ्यांवर झोत टाकला की चार कामे होत. पण खिडकीतून ऊन आले की संच आपोआप चालू-बंद होऊ लागे! पुढच्याच वर्षी रॉबर्ट ॲडलर यांनी ॲल्युमिनियमच्या चार कांड्या घेतल्या. बटण दाबले की आत छोटी हातोडी कांडीवर आपटे आणि माणसाच्या कानाला न ऐकू येणारा नाद निघे. त्याला बॅटरीही लागत नसे. मात्र नाण्यांचा किंवा किल्ल्यांचा खुळखुळाट झाला तरी कधीकधी संचाला तो हुकूमच वाटे.

आपल्याकडे तेव्हा दूरदर्शन कुठे होते? दिल्लीत ते 15 सप्टेंबर 1959 रोजी आले, मुंबईत 2 ऑक्टोबर 1972 रोजी. 1980 नंतरच्या दशकात लहान प्रक्षेपण केंद्रे वाढली, तेव्हा ते खेडोपाडी पोचले. रामायण मालिका लागली की ज्याच्या घरी संच, त्याच्या ओसरीवर सारी गल्ली जमे. त्या काळी रिमोटची गरज कुणाला भासली नाही. वाहिनी एकच, आणि खुंटी पिळायला घरातले पोर होतेच. 1990 नंतर केबल आली, वाहिन्या वाढल्या, तेव्हा रिमोट सगळ्यांच्या हाती आला. पुढे सेट-टॉप बॉक्स आला, आणि एका घरात दोन रिमोट झाले.

हे रिमोट एकमेकांचे काम का करीत नाहीत? बटण दाबले की रिमोटच्या तोंडाशी असलेला दिवा अवरक्त प्रकाश सोडतो. हा प्रकाश तांबड्याच्या पलीकडचा, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. बहुतेक रिमोटांत तो सेकंदाला सुमारे 38,000 वेळा लुकलुकतो, आणि त्या लुकलुकीचे लहानमोठे तुकडे पाडून निरोप तयार होतो. निरोपात आधी यंत्राचे नाव, मग काम: “अमक्याने आवाज वाढवावा.” पण ही बोली प्रत्येक कंपनीने आपापली ठरवली. जपानच्या एनईसी कंपनीची पद्धत एक, हॉलंडच्या फिलिप्सची दुसरी. फिलिप्सच्या आरसी-5 पद्धतीत लुकलुकच 36,000 ची आहे. म्हणजे घरातले तीन रिमोट हे तीन भाषांचे तीन माणूस झाले, आणि एकाला दुसऱ्याचे कळत नाही.

शिक्षक मित्रहो, वर्गात हा प्रयोग जरूर करा. मोबाईलचा कॅमेरा सुरू करून रिमोटच्या दिव्यासमोर धरा आणि बटण दाबा. डोळ्यांना न दिसणारा दिवा कॅमेऱ्यात जांभळट चमकताना दिसेल. काही फोनांच्या मागच्या कॅमेऱ्यात दिसत नाही, तिथे पुढचा वापरावा. रिमोटचा दिवा लागतो की नाही, हेही याच युक्तीने ताडता येते.

आता उपाय पाहू. देगलूरच्या दुकानदारासारखा चार भाषा जाणणारा एकच रिमोट केला तर? असे रिमोट झाले आणि त्यांचे तीन वाण पडले.

पहिला वाण पाठांतराचा. त्यात निरनिराळ्या कंपन्यांच्या बोली कारखान्यातच भरलेल्या असतात. सोबतच्या कागदावरचा आकडा दाबला की तो ती बोली बोलू लागतो. हा स्वस्त, पण पाठ केले त्यापलीकडे त्याला काही येत नाही. जुन्या काही रिमोटांत सेल काढले की दाबून ठेवलेला आकडा पुसला जाई.

दुसरा वाण ऐकून शिकणारा. मूळ रिमोट त्याच्यासमोर धरायचा, बटण दाबायचे, आणि तो ती लुकलुक जशीच्या तशी लक्षात ठेवतो. ॲपल कंपनीचे एक संस्थापक स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनी 1987 साली असाच एक शिकणारा रिमोट काढला होता. याची अडचण एकच. गुरू हवा! मूळ रिमोट हरवल्यावर हा शिकणार कुणाकडून?

तिसरा वाण इंटरनेटवरून बोली मागवून घेणारा. हार्मनी नावाचा रिमोट यात नावाजला. “सिनेमा पाहायचा” एवढे सांगितले की तो ओळीने चारही यंत्रे सुरू करी. घरात चित्रगृह थाटणाऱ्या हौशी लोकांना तो फार आवडला. पण 2021 साली कंपनीने त्याचे उत्पादन थांबवले. फिलिप्सचा प्राँटो हा तसाच मातब्बर रिमोट, 1998 साली आला आणि 2010 मध्ये बंद झाला. महाग वस्तू घेताना ती किती वर्षे निभेल, हा प्रश्न म्हणूनच आधी विचारावा. आजीसाठी तर पाचपंचवीस बटणांच्या रिमोटपेक्षा ऐकून शिकणारा, मोठ्या सहा बटणांचा साधा रिमोट बरा.

पण या सगळ्यांत एक मूळचा दोष आहे. अवरक्त रिमोट बोलतो, ऐकत नाही. हुकूम पोचला की नाही, त्याला ठाऊक नसते. सुरू आणि बंद यांना बटण एकच असेल, तर चालू असलेला संच सुरू करायला जावे आणि तो बंद व्हावा, असे घडते. मध्ये कोणी उभे राहिले तरी निरोप अडतो.

बैठकीत याने फार तर कीर्तन चुकते. रानात मात्र याची किंमत मोठी आहे. शेतीची लाईट पाळीने कधी दिवसा, कधी रात्री येते. रात्री मोटार चालू करायला अंधारात बांधावरून जायचे, पायाखाली साप आहे की काठी ते दिसत नाही. म्हणून पुष्कळांनी स्टार्टरला “ऑटो” बसवला. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. पण लाईट येताच साऱ्या शिवारातल्या मोटारी एकदम उठतात आणि डीपीवर भार पडतो. विहिरीत पाणी नसले तरी मोटार कोरडी फिरत राहते.

पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी यावर “नॅनो गणेश” हे उपकरण तयार केले. मोबाईलवरून मोटारीला हुकूम द्यायचा, आणि तिकडे लाईट आहे की नाही हेही फोनवरच कळते. 2009 साली नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. इथे यंत्र नुसते ऐकत नाही, जबाबही देते. टेस्लाच्या नावेपासूनच्या या वाटचालीत हे पाऊल मला सर्वांत मोलाचे वाटते.

तरी एक सांगणे आहे. घरी बसून मोटार चालू करण्याआधी रानात फोन करून विचारा, की विहिरीत कोणी उतरले नाही ना, स्टार्टरला कोणी हात लावलेला नाही ना. हुकूम दुरून जातो, पण विजेचा धक्का जवळच्या माणसाला बसतो. देगलूरचा दुकानदार चार भाषा बोलतो खरा, पण समोरच्याचे ऐकून घेतल्यावरच माल देतो.